नावाडी कोर्टात का आला नाही

गेलॉर्ड्स लँडिंग, ओहायो
१२ एप्रिल १८८०

प्रिय किझाया,

सोबतच्या पुडक्यात माझं पुस्तक आहे. माझ्या एकाही पत्राला तू कधी उत्तर दिलं नाहीस, आणि याला देशील अशी अपेक्षाही नाही. पण पुस्तक निदान चाळून तरी बघ.

'जिल्हा न्यायालयातली तीस वर्षं' असं नाव ठेवलंय. छापखानेवाला हायरम क्लॉप म्हणत होता, "साहेब, नावात 'गुपितं' हा शब्द घाला, लोकांच्या उड्या पडतील." मी म्हटलं, वकिलाच्या पुस्तकात गुपितं असली तर त्याला वकील कोण म्हणेल? तो हसला. तरी पहिली छपाई तीन आठवड्यांत संपली. विधानसभेत दोनदा निवडून गेलो, वॉशिंग्टनच्या संसदेत एकदा जाऊन आलो, तेव्हाही लोकांनी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. हे बघायला माझी बायको फिलिंडा हवी होती. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. मूल नाही, बाळ नाही. स्वयंपाकाला येणाऱ्या मिसेस डंकले रोज पुटपुटतात, "दोघांचं शिजवते आणि दीड माणसाचं फेकते."

गेल्या शनिवारी मी सभागृहात नववं प्रकरण वाचून दाखवलं. सबिनाच्या खटल्याचं. बायका ढसाढसा रडल्या. कोर्टाच्या पायऱ्यांवरून तिला खाली नेलं आणि तिनं मागे वळून पाहिलं, तिथं तर मलाच थांबावं लागलं. त्या प्रकरणात तूही आहेस. नाव घातलेलं नाही. 'एका धाडसी मुलीने त्या मातेचं लेकरू उचललं आणि पश्चिमेची वाट धरली' एवढंच लिहिलंय. शाळामंडळाला हे प्रकरण मुलांच्या वाचनात लावायचंय, नव्या शाळेला माझं नाव द्यायचंही चाललंय. मी नको म्हटलं. फार जोर देऊन म्हटलं नाही, हे तुला सांगायला हरकत नाही.

लेटी आता तीस वर्षांची असेल ना? ती शिक्षिका झाल्याचं आपली मावशी जिवंत असताना मावशीच्या पत्रातून कळलं होतं. तिलाही हे प्रकरण वाचू दे. तिच्या आईसाठी कुणीतरी झगडलं होतं, हे तिला कळायला हवं.

तुझा भाऊ,
ओरिन


गेलॉर्ड्स लँडिंग
३ जून १८८०

प्रिय किझाया,

अठ्ठावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चार शब्द. 'ॲमॉस दारू पीत नव्हता.' ना नमस्कार, ना खाली सही.

तुला पान एकशे बारा खटकलं तर. मी लिहिलंय की आमचा एकुलता एक साक्षीदार, नावाडी ॲमॉस ट्रिप, नेमका त्या सकाळी दारूच्या आहारी गेला आणि कोर्टात आलाच नाही. आता तूच सांग, तो आला नाही हे तर खरं आहे ना? तू पहिल्या बाकावर बसली होतीस. दार उघडलं की तू मान वळवायचीस. मीही वळवत होतो.

खटला कसा होता ते तुलाही ठाऊक आहे, पण वर्षं गेली की माणसं कायदा विसरतात आणि राग तेवढा लक्षात ठेवतात. सबिना नदीपलीकडच्या केंटकीतून, जिथं गुलामगिरी चालायची, पळून आली असती तर ती मालकाची. पण मालकानं स्वतः तिला नदीपार ओहायोत आणलं असेल, तर ज्या क्षणी तिचा पाय या किनाऱ्याला लागला त्या क्षणी ती मोकळी. म्हातारा मालक आजारी बहिणीच्या शुश्रूषेसाठी तिला इथं घेऊन आला आणि इथंच सोडून गेला. पुढं तो मेला, आणि त्याचा पुतण्या हक्क सांगायला आला. तिला स्वतःला साक्ष द्यायची मुभा नव्हती. म्हाताऱ्याला आणि तिला एकाच नावेतून आणणारा ॲमॉस. त्याच्या तोंडून एक वाक्य आलं असतं तर पुतण्याला हात हलवत परत जावं लागलं असतं. म्हणूनच तू आणि तुझी क्वेकर पंथाची गुलामीविरोधी मंडळी मला येऊन भेटलात, आणि मी एका शब्दानं नाही न म्हणता वकीलपत्र घेतलं. हे विसरू नकोस.

तो दारू पीत नव्हता म्हणतेस. कितीतरी माणसं लपून पितात. कुणीतरी मला तसं सांगितलं असेल. एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट, कोण काय म्हणालं ते आता कसं सांगू? दुसऱ्या छपाईत ते वाक्य थोडं मवाळ करता येईल.

लेटीचंही पत्र आलं. किती सुरेख अक्षर! तू शिकवलेलं असणार. तिनं फार नम्रपणे विचारलंय, आईला कुठं नेलं, यादवी युद्ध संपून सगळे गुलाम मोकळे झाल्यावर तिची काही बातमी लागली का. मी कळवलं की काही कळलं नाही.

जुलैत तुला पन्नास पूर्ण होतील. माझ्या लक्षात आहे.

ओरिन


गेलॉर्ड्स लँडिंग
१९ ऑगस्ट १८८०

किझी,

काल ॲमॉसची मुलगी प्रूडन्स ऑफिसात आली. नदीच्या धक्क्यावर ती मासे विकते. हाताला खवलं तशीच, एका हातात माझं पुस्तक. बस म्हटलं तर बसली नाही.

"वकीलसाहेब, माझं पोर शाळेतून आलं आणि विचारतंय, आजोबा दारुडे होते का?"

मी म्हटलं, "बाई, छापखान्यात काहीतरी चूक झालेली दिसते."

"एवढं मोठं वाक्य चुकून छापलं? माझ्या बापाच्या तोंडाला जन्मात दारूचा थेंब लागला नाही. सफरचंदाचा रस जरा आंबला तरी ओतून द्यायचा तो. आणि मरताना काय सांगून गेला, ते तुम्हाला सांगू?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्हाला ठाऊक आहे म्हणून? सकाळी नाव सोडायच्या वेळी तुम्ही स्वतः धक्क्यावर आला होतात. म्हणालात, ॲमॉस, सुनावणी उद्यावर गेली, आज धंदा बुडवू नकोस. धुतलेला शर्ट घालून बसला होता तो. तो काढून ठेवला आणि नावेवर गेला. दुपारी परततो तर त्याच्या शेजारच्याच नावेतून त्या बाईला पलीकडे नेत होते. 'तिनं मला पाहिलं गं,' म्हणायचा, 'तिला वाटलं असेल मी आलोच नाही.' मरेपर्यंत तेच. आणि तुम्ही त्याला दारुडा लिहिता?"

पुस्तक तिनं टेबलावर ठेवलं नाही, आपटलंही नाही. बरोबर घेऊन गेली. ते ग्रंथालयाचं होतं.

तिचा बाप खरंच सांगत होता, किझी. तुला ते केव्हापासून ठाऊक आहे कोण जाणे. मला वाटतं, त्याच दिवशी तुला कळलं असावं. 'ॲमॉस कुठं आहे?' असं तू विचारलंस आणि मी म्हणालो, 'पिऊन पडलाय,' तेव्हा तू माझ्याकडे जसं पाहिलंस ते मी पुस्तकात लिहिलेलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी कर्नल बॅसेटनं मला जेवायला बोलावलं होतं. आमच्या पक्षाचं तिकीट त्याच्याच हातात असायचं, आणि त्याचा सगळा माल केंटकीच्या बाजारात जायचा. मागूर माशाच्या काट्यांचा ढीग ताटाच्या कडेला रचत तो म्हणाला, "पोरा, खटला लढव. जोरात लढव. लोकांना आवडतं. जिंकू मात्र नकोस. नदीपलीकडे आपलीच माणसं आहेत. आणि लढून हरलेल्या वकिलाला इकडची मतं मिळतात, तिकडची दोस्तीही राहते."

मी विचारलं, "आणि ती बाई?"

"कुठली बाई?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं मी कोणाबद्दल विचारतोय.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. हे समर्थन नाही. पण लिहिल्याशिवायही राहवत नाही.

कोर्टात मी पाऊण तास बोललो. आजवर तसं भाषण माझं कधी झालं नाही. सबिना माझ्या शेजारी बसली होती. मध्येच तिनं हळूच विचारलं, "साहेब, नावाडीदादा येतील ना?" मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी तू लोकरीच्या गाडीत दोन वर्षांच्या पोरीला लपवून निघून गेलीस. पुढच्या शरदात मी विधानसभेत गेलो.

आज सकाळी क्लॉपकडे गेलो. म्हटलं, पान एकशे बारा बदलायचंय. तो म्हणाला, "साहेब, दुसरी छपाई बांधून शाळांना रवाना झाली. आणि बदलून कुणाचं भलं होणार? नावाडी गेला, ती बाईही गेली. वाचून पोरांना चांगलं वळण लागतं, ते का मोडता?" मी तिथून परत आलो. त्याच्याशी भांडलो असं तुला लिहिणार होतो. पण भांडलो नाही.

ओरिन


गेलॉर्ड्स लँडिंग
२ ऑक्टोबर १८८०

किझी,

लेटीचं पत्र आलंय. या महिन्यात ती इथं येते आहे. शाळेतून रजा घेतलीय. आईला जिथून नेलं ते कोर्ट बघायचंय, नदी बघायचीय, मला भेटायचंय. 'माझ्या आईसाठी आपण जे केलंत त्याबद्दल समक्ष आभार मानायचे आहेत,' असं तिनं लिहिलंय. म्हणजे ॲमॉसची गोष्ट तू तिला सांगितलेली नाहीस. का सांगितली नाहीस?

तिला येऊ देऊ नकोस. आणि थांबवता येणारच नसेल, तर आता जे लिहितोय ते तू तिला सांग. माझ्याच्यानं होणार नाही. एवढं एक काम माझ्यासाठी कर, मग पुन्हा कधीही मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी तिला कळवलं होतं की काही बातमी लागली नाही. ते खोटं होतं.

१८६६ च्या जूनमध्ये सबिना इथं आली. युद्ध संपून वर्ष झालं होतं. मी पक्ष बदललेला होता आणि शरदात वॉशिंग्टनच्या संसदेसाठी निवडणुकीला उभा राहणार होतो. त्या सकाळी ऑफिसात भाषण लिहीत बसलो होतो. विषय होता मुक्त झालेल्या लोकांचे हक्क. हे मी मुद्दाम रंगवून सांगत नाही, खरंच तोच विषय होता.

दारातून आवाज आला, "साहेब, मी सबिना."

मी लिहीतच होतो. म्हटलं, "हं."

"माझी लेक कुठं आहे, साहेब? लोक म्हणतात तुमच्या बहिणीनं नेली."

"नेली. कुठं नेली ते मला माहीत नाही."

तुझा आयोवातला पत्ता तेव्हा माझ्या खणात होता. मावशीनं वर्षभर आधीच दिला होता.

"जिवंत आहे का एवढं तरी सांगा."

मी म्हटलं, "बाई, दोन वर्षांचं पोर, एवढा लांबचा प्रवास. त्या साली वाटेत गोवराची साथ होती म्हणतात."

ती मेली असं मी म्हणालो नाही. शब्द कसे ठेवायचे ते मला चांगलं येतं. लेटीचा पत्ता तिला मिळाला असता तर ती तुझ्याकडे आली असती, तू तिला ॲमॉसबद्दल सांगितलं असतंस, ॲमॉस तेव्हा हयात होता, आणि निवडणुकीला चारच महिने उरले होते.

 ती म्हणाली, "गोवर होय," आणि गेली. मी वाक्य पूर्ण केलं.

निवडून आलो. मनात म्हटलं, आता सांगू. पण दोन वर्षांनी पुन्हा उभं राहायचं होतं. ती निवडणूक हरलो. तेव्हा सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण तोवर न सांगण्याची सवय झाली होती. ती पलीकडच्या काठावर कपडे धुण्याचं काम करायची. कोर्टाच्या वरच्या खिडकीतून तिच्या झोपडीचं धुराडं दिसायचं. सात वर्षं दिसलं. १८७३ च्या कॉलऱ्यात ती गेली. माझ्या अशिलांपैकी कुणीतरी बोलता बोलता सांगितलं. त्या साथीत गेलेल्यांना एकाच खड्ड्यात पुरलं.

पुस्तकात मी लिहिलंय, 'त्यानंतर तिचं काय झालं हे त्या नदीलाच ठाऊक.' हे वाक्य सगळ्यांना फार आवडतं.

लेटीला तू सांग, किझी.

ओरिन


गेलॉर्ड्स लँडिंग
२६ ऑक्टोबर १८८०

किझाया,

लेटी येऊन गेली.

शुक्रवारी सकाळी ती आली. मिसेस डंकले दार उघडून आत आल्या आणि म्हणाल्या, "एक सावळी बाई आली आहे, मोठ्या शाळेतल्या मास्तरीणबाईंसारखी बोलते." उंच आहे. काळे हातमोजे होते हातात. मी खुर्चीवरून उठलो. ती म्हणाली, "टॅलमॅजसाहेब, बसा. किझीमावशीनं तुमच्यासाठी काही दिलं नाही. मला हे दिलंय." आणि माझंच पत्र तिनं पुढं केलं. दोन ऑक्टोबरचं. फोडलेलं होतं.

"तू वाचलंस?" मी विचारलं.

"नाही. मावशी म्हणाली, ज्यानं लिहिलंय त्यानंच वाचून दाखवायचं. पाच दिवस पर्समध्ये घेऊन प्रवास केला. वाचायचा मोह झाला नाही असं नाही."

किझी, तुला दुसरी कुठली शिक्षा सुचली नाही?

मी वाचलं. सभागृहात वाचायचो तसा आवाज लागेना. 'तिला येऊ देऊ नकोस' हे वाक्य गाळून पुढं जाणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "सगळं वाचा." तिला कसं कळलं कोण जाणे. मी मागे गेलो आणि सगळं वाचलं. गोवरापाशी तिनं एकदाच डोळे मिटले. शेवटपर्यंत आलो. तेव्हा म्हटलं, आणखी एक आहे, आणि ॲमॉसचंही सांगून टाकलं. पत्राशिवाय, तोंडानं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, निदान उठून निघून जाईल. ते मला सोसलं असतं. तिनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि विचारलं, "तेव्हा ती कशी दिसत होती?"

"केव्हा?"

"जूनमध्ये. या दारात. माझ्याकडे तिचं काहीच नाही, साहेब. चेहरासुद्धा नाही. मावशीला आठवतं ते तरुण वयातलं. तिला शेवटचं नीट जवळून पाहिलेले, मला माहीत असलेले, तुम्हीच. केस पिकले होते का? वाळली होती का? माझ्यासारखी उंच होती का?"

मी आठवायला लागलो. किझी, माझ्या पुस्तकात बत्तीस न्यायाधीश आहेत. कोण तंबाखू कुठल्या गालात धरायचा, ते सगळं आहे. आणि त्या दाराकडे मन नेलं तर तिथं फक्त आवाज होता. मी मान वर केलीच नव्हती. ती बोलत होती तेवढा वेळ मी कागदाकडे पाहत होतो.

पण गप्प बसवेना. म्हटलं, "अंगावर निळी शाल होती. केस थोडे..."

"राहू द्या," ती म्हणाली, अगदी सौम्यपणे, वर्गात चुकलेल्या मुलाला म्हणावं तशी. "हे तुम्ही आता लिहिताय."

मग आम्ही नदीपार गेलो. नाव प्रूडन्सच्या भावाची होती. लेटी कोण हे त्याला कळलं असावं, नावेत चढताना त्यानं हात फक्त तिला दिला. कॉलऱ्याचा खड्डा कुठं होता हे सांगणारा एक शेतकरी भेटला. त्या जमिनीवर आता तंबाखू लावतात, पीक नुकतंच कापलेलं होतं. त्यानं हात फिरवून दाखवलं, "या कुंपणापासून त्या अक्रोडापर्यंत कुठंतरी. नेमकं कुणालाच माहीत नाही." लेटी खुंटांमधून कुंपणापासून अक्रोडापर्यंत चालत गेली आणि मग थोड्या अंतरावरून परत आली. मग पुन्हा गेली. सगळी जमीन पायाखालून जाईपर्यंत ती तशीच चालत होती. मी कुंपणाशी उभा होतो. आत ये असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

शनिवारी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन मी सगळं लिहून दिलं, ॲमॉसचं आणि जूनचंही, खाली सही करून. संपादकानं वाचलं, चष्मा काढला, माझा हात हातात घेतला. म्हणाला, "साहेब, बायको गेल्यापासून तुम्ही फार एकटे पडलात. एवढ्या मोठ्या मनाची माणसं म्हातारपणी नसलेली पापंही अंगावर ओढून घेतात. मी हे छापणार नाही. तुमच्या नावाला जपणं हे आमचंही काम आहे." मी भांडलो. या वेळी खरंच भांडलो. तो कचेरीभर सगळ्यांना सांगत सुटला की साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. काल शाळामंडळानं नव्या शाळेला माझं नाव एकमतानं मंजूर केलं. प्रूडन्सचं पोर आता त्याच शाळेत जाईल.

लेटीला मी विचारलं होतं, माझ्याबद्दल तू काय करणार? ती म्हणाली, "काय करण्यासारखं आहे, ते तुम्हीच सांगा. तुम्ही वकील आहात." 

निघताना तिनं माझ्याशी हस्तांदोलन केलं. ते का केलं, ते मला कळलेलं नाही. कदाचित तू तिला तसं शिकवलं असशील.

ती वाटेत थांबत जाणार आहे, तिची गाडी सोमवारी दुपारी तुझ्याकडे पोहोचेल. स्टेशनावर तू स्वतः जा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. इथं दोन दिवस होती, मिसेस डंकलेंनी चारदा ताट वाढलं. तिनं कशालाच हात लावला नाही.

ओरिन